भिकूचा आवाज

"हॅलो?… हॅलो, कोण?… मोठ्यानं बोला, काय ऐकू येत नाय. थांबा, मी बांधावर जाते."

चंद्रभागेनं हातातली नाचणीची कणसं खळ्यात टाकली आणि पदराला हात पुसत घरामागच्या बांधाकडं निघाली. वाडी आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पाठीवर. रेंज मिळाली तर या बांधावर, नाहीतर नाही. तिचा फोन साधा, बटणांचा. त्यावर आलेला नंबर ओळखीचा नव्हता.

"हां, आता बोला… कोण?… जितू? अरे, मग हा कुणाचा नंबर?… तुझा फोन कुठं गेला?… बरं, बरं… हां, मीच बोलतेय की. तुझी आय. दुसरं कोण उचलणार?… काय?… आपल्या पयल्या गाईचं नाव? दुपारच्या पारी हे काय काढलंस रे?… सांगते, सांगते. मोरी. आणि तू तिला मोयी बोलायचास, तुला र येत नव्हता… अजून?… हनवटीवरची खूण? माळ्यावरून पडलास ना तू. बाबांनी खांद्यावर टाकून तुला पार पोलादपूरपर्यंत चालत नेला. टाके घालताना तू नाय रडलास, तेच रडले… जितू, आयची परीक्षा घेतोस काय?"

ती हसली. पलीकडून हसू आलं नाही. आला तो एक लांब सुस्कारा, जसा डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर येतो.

वाडीतली पोरं मुंबईला जायची, नाहीतर फौजेत. पाण्यावर गेलेला जितेश एकटाच. नेव्हीच्या बोटीवर होता. सुट्टीला आला की सगळी वाडी अंगणात जमायची आणि समुद्राचा रंग कसा असतो, बोटीत झोप कशी लागते, असलं काहीबाही विचारायची. बोट कुठं जाते, ते मात्र तो कधी सांगायचा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, पाण्यात जाते.

"आता परीक्षा झाली ना? मग सांग, जेवलास?… जेवलो बोलतोस पण आवाज असा का?… इचार की. मला इचारायला परवानगी कशाला पाहिजे?… बाबांनी? तुला फोन?… कधी?… मागल्या सोमवारी, सांच्याला?… नाय रे. सोमवारी आम्ही महाडला होतो, डाक्टरकडं, बाबांची नळी साफ करायला. शेवटची यष्टी गेली, मग दासगावला तुझ्या सासरी, नूतनच्या आईकडं वस्ती केली. तिनं मासं केलेलं… मोबाईल? घरीच होता. वाडीत दोन दिस लाईट नव्हती, तो पार बंद पडलेला. पेटीत ठेवून गेलो… नक्की म्हंजे? माझ्या हातानं ठेवला मी पेटीत… नाय, दुसऱ्या कुणाच्या फोनवरनं पण नाय. सोमवारी दिसभर मी बाबांच्या बाजूलाच होती… हॅलो?… जितू?… कट झाला काय… हायस ना? मग बोल की."

तिला वाटलं, आपण अगदी चोख उत्तर दिलं. पुढं सगळं कळल्यावर हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. लेक इतके दिवस एकाच आशेवर तग धरून होता, की तो फोन खरोखर बापानंच केला असेल. ती आशा तिनं मासं आणि यष्टी सांगता सांगता मोडून टाकली होती.

"अरे, हाट… हाट… तुला नाय रे, कोंबडी. खळ्यात नाचणी पडलीय आणि ही मेली त्यातच… हां, बोल. ऐकतेय मी… कुणाचा फोन आलेला?… बाबांच्या आवाजात? मग बाबांचाच असंल की… हां. हां, मोबाईल तर बंद होता… मग कोण बोललं तुझ्याशी?… म्हंजे आवाज बाबांचा आणि माणूस दुसरा? जितू, मला जरा समजंल असं सांग."

ती बांधाच्या दगडावर टेकली.

जितेशच्या बापाचा, भिकूचा आवाज काय होता, ते त्या डोंगरात कुणालाही विचारावं. वाडीत फोन नव्हते तेव्हा खालच्या वाडीला निरोप द्यायला माणूस उतरत नसे. भिकू याच बांधावर उभा राहून हाळी घालायचा आणि दरीपलीकडच्या घरातून बाई बाहेर यायची. होळीला देवीपुढं गाऱ्हाणं घालायला त्यालाच पुढं करत. मग गळ्यात गाठ निघाली. मुंबईच्या हॉस्पिटलात स्वरयंत्र काढून टाकलं. जीव राहिला, आवाज गेला. गळ्याला भोक, भोकात नळी, नळीवर पांढरा रुमाल. चौथीपर्यंतचं लिहिणं होतं म्हणून पाटीवर लिहून भागवायचा. पण लिहून मागितलेल्या चहाला चव राहत नाही, असं त्याचं तोंडच सांगायचं. हळूहळू तो माणसांत बसेनासा झाला.

गणपतीच्या सुट्टीत जितेशनं त्याला मोठा मोबाईल आणून दिला. त्यात एक परदेशी ॲप होतं. लग्नाच्या व्हिडिओत, जुन्या निरोपांत, देवीपुढच्या गाऱ्हाण्यात, जिथं जिथं बापाचा आवाज सापडला तो सगळा त्यानं त्या ॲपला ऐकवला. मग भिकूनं दोन अक्षरं दाबली, की ॲप पुढचं वाक्य सुचवायचं आणि मोबाईल बोलायचा. भिकूच्याच आवाजात, तीच खरखर, तोच हेल. पहिल्यांदा तो आवाज घरात उमटला तेव्हा भिकू मोबाईल खाली ठेवून गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाईलवरून गाईला हाक मारली. चरता चरता गाईनं मान वर केली. शेजारची धोंडूबाई डोळ्यांनी अधू. ती चाचपडत अंगणात आली आणि म्हणाली, "भिकू बरा झाला गो."

"हां… पयल्यांदी काय बोलला?… 'जितू, जेवलास काय.' ते तर बाबा नेहमीच बोलतात… मग?… आयचा गुडघा दुखतोय? माझा गुडघा त्याला कसा म्हाईत?… बाबांनी मोबाईलवर लिहिलेलं, डाक्टरला सांगायला. हां, लिहिलेलं… ते तिकडं जातं? सगळंच? चहा मागितला तरी?… कुठं जातं पण?… देशाच्या भायेर."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अरे, पण माझ्या गुडघ्याशी भायेरच्या माणसाला काय करायचंय?… मग?… गुडघ्यावरनं सुरवात केली आणि मग काय इचारलं?… बोट कधी निघणार… कुठल्या बंदराला लागणार, सुट्टी कधी मिळणार… आणि तू?… जितू, तू सांगितलंस?"

पलीकडं तो बोलत होता, अडखळत, मधेच थांबत. चंद्रभागेनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला होता.

"हं… हं… काय इसरलास?… बाबांना बोलता येत नाय, तेच इसरलास? असं कसं… हां. हां, आपला मोबाईल बोलतो तेव्हा मधी वेळ जातोच. बाबा लिहीत असतात ना… आणि हा लगेच बोलत होता. पयल्यासारखा… तुला वाटलं बाबा बरं झालं… नाय? तसं पण नाय वाटलं… हं… वाटायला वेळच नाय झाला. पयला कसा फोन करायचास, तसाच झाला तो… मी जास्त वेळ बोलू देत नव्हते तुम्हा दोघांना, बिल येईल बोलून… नाय, ऐकतेय मी. बोल तू."

तिचे डोळे भरून आले. रागावण्यासारखं होतं, नाही असं नाही. ज्या पोरानं सख्ख्या मामाला कधी बंदराचं नाव सांगितलं नाही, तो परक्याला सगळं सांगून बसला होता. पण ती जे ऐकत होती ते दुसरंच होतं. चार घटका त्याला बाप मिळाला होता. धडधाकट, न थांबता बोलणारा, रागावणारा, थट्टा करणारा. त्याला जे जे विचारलं, ते त्यानं बापाला सांगितलं.

"मग कळलं कधी?… फोन ठेवल्यावर. झोपाय गेलास तेव्हा… पाठ टेकल्यावर ध्यानात आलं, की बाबांना तर… हं. नको, रडू नको. मग?… तूच गेलास साहेबाकडं? कुणी पकडलं नाय ना? आपल्या पायानं गेलास… बरं केलंस. नाय, खरंच बरं केलंस. बाबांनी पण तेच केलं असतं… तेच केलं असतं रे, मला म्हाईत हाय."

"आणि बोट?… निघालीच नाय त्या दिशी? देवीची कृपा… मग दुसरीकडनं… नको. नको, जितू, मला नको सांगू. मला काय पण नको सांगू. एवढंच सांग, बोटीवरच्या पोरांना काय नाय ना झालं?… सगळी धड हायेत?… त्यांच्या आयांना म्हाईत पण नसंल, आपल्यावरनं काय गेलं ते."

"चंद्रभागे, कोणाचा फोन गो?" धोंडूबाईनं तिच्या ओट्यावरून विचारलं. चंद्रभागेनं फोनवर हात ठेवून, मान वळवून उत्तर दिलं.

"काय नाय, माई. जितूचा. खुशालीचा… हां, सांगते तुम्ही इचारलंत म्हणून… हॅलो, जितू, धोंडूबाई इचारतेय. तिच्या दोन पोरांनी फौजेत उमर काढली, तिला काय सांगू मी?… नाय सांगत. कुणाला नाय सांगत."

"आणि तुला काय केलं त्यांनी?… बोटीवरनं उतरवलं… मारलं नाय ना कुणी?… तसं नाय रे, मला काय समजतं त्यातलं. मग आता कुठं ठेवलंय तुला?… बरं. बरं, बरं, नको सांगू. मी नाय इचारत."

लेक कुठं आहे, हे आईनं विचारायचं नव्हतं. तिनं कानावरचा फोन क्षणभर पुढं धरला आणि त्याच्याकडं बघितलं. साधा बटणांचा फोन, मागं रबर बांधलेला. यात पण कुणी बसलं असेल काय, असं तिच्या मनात आलं. तिनं तो परत कानाला लावला, पण आता ती हळू बोलू लागली.

"नोकरी ऱ्हाईल काय?… तुला पण म्हाईत नाय. हं."

त्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं. चौकशी शिमग्याच्या पलीकडं गेली. तो स्वतःहून साहेबांकडं गेला होता, ते त्याच्या कामी आलं. नोकरी राहिली. बोट मात्र पुन्हा मिळाली नाही. किनाऱ्यावरच्या एका गोदामात सामान मोजायचं काम मिळालं, आणि तिथून समुद्र दिसत नव्हता.

"नूतनला सांगितलंस?… रडली? रडंलच ना ती… तिचा फोन पण नेला? बरं… आता काय?… कोण येणार?… आपल्याकडं? आज?… पोलीस कशाला रे, आम्ही काय केलंय?… हां… साध्या कपड्यात येतील, पोलादपूरहून… नाय, घाबरत नाय मी. वाडीत गाडी येत नाय, चालत येतील ते, तोपर्यंत सगळ्यांना दिसतील. सांगेन मी, लाईटवालं हायेत… बाबांचा मोबाईल न्यायला. नेऊ दे. काय हाय त्यात. बघून परत देतील ना?… नाय देणार?"

वाऱ्यानं खळ्यातला भुसा उडत होता. ती उठून उभी राहिली. कशासाठी, ते तिलाही कळलं नाही.

"बरं, मोबाईल नेऊ दे. तू दुसरा घे साधासा आणि त्यात तो आवाज टाक… टाकता येणार नाय?… तू नाय टाकणार… बरं, तू नको, नूतनला सांगते… ते ॲपच बंद होणार हाय? सरकार सगळ्यांचंच बंद करणार?… हं. भायेरच्या देशाचं म्हणून. बरोबर हाय, बंद करायलाच पाहिजे… आपल्या देशात नाय करत काय कुणी असलं?… करतील. कधी करतील?… हं… मग तोवर बाबांनी बोलायचं कसं?… जितू?… अरे, तुझ्यावर राग नाय धरत मी. नुसतं इचारलं. तू काय मुद्दाम केलंस? बाप बोलावा म्हणून केलंस. त्यात कुणाला वाटंल, की कुणी तेच…"

बोलता बोलता ती वळली आणि थांबली.

फणसाखाली भिकू उभा होता. गुरं पुढं गेली होती, काठी खोडाला टेकवलेली होती. केव्हा आला कोण जाणे. पलीकडचं अक्षरही त्याच्या कानावर पडलं नव्हतं. पण ज्या बाईबरोबर सगळा संसार झाला, तिची एकच बाजू त्याला पुरली होती. मोबाईल, पोलीस, भायेरचा देश, आणि शेवटी 'बाबांनी बोलायचं कसं'. त्याचा चेहरा तिला हॉस्पिटलातल्या चेहऱ्यासारखा दिसला, गुंगी उतरल्यावर पहिल्यांदा तोंड उघडून बघितलं होतं तेव्हाच्या.

"बाबा आलेत… नाय, मी काय नाय सांगितलं… अवो, जितू हाय. खुशालीचा फोन. सुट्टी मिळायची नाय बोलतो, दुसरं काय नाय."

भिकूनं मान हलवली. ती 'बरं' अशी नव्हती, 'उगाच सांगू नको' अशी होती. त्यानं सदऱ्याच्या खिशातून मोठा मोबाईल काढला.

"अवो, नको. ठेवा तो… जितू, त्यांनी मोबाईल काढलाय… हां, सांगते. अवो, जितू बोलतो, चालू करू नका. मोबाईल ऐकत असतो म्हणं… जितू, ते लिहितायत. मी काय करू? हातातनं हिसकावून घेऊ?"

भिकूचा अंगठा जाड, कामानं फुटलेला. अक्षर शोधायचा, दाबायचा, चुकायचा, पुसायचा. मग बांधावर त्याचा आवाज उमटला, मोकळा, सगळ्या डोंगराला ओळखीचा.

"माझ्यामुळं?"

चंद्रभागेच्या हातातल्या फोनमधून रडू आलं.

"जितू?… ऐकलंस?… मी हाय ना इथं, माझ्या समोर उभे हायेत. तेच हायेत, दुसरं कोण नाय… पोरा, असा नको रडू. तिथं बाजूला माणसं असतील… अवो, तुमच्यामुळं नाय. तुम्ही काय केलंत? तुमचा आवाज चोरला कुणीतरी. त्याला फसवला तुमच्या आवाजानं… काय? सांगते… तो बोलतो, चूक त्याची हाय. मोबाईल त्यानं आणला, आवाज त्यानं भरला. 'माझ्यामुळं झालं' बोलतो… तुमचं दोघांचं काय चाललंय? चूक वाटून घेताय व्हय?"

भिकू खाली बसला. पुन्हा लिहू लागला. दोन अक्षरं पडली की ॲप आपलं वाक्य पुढं करायचं. काळजी करू नकोस, सर्व काही ठीक होईल. भिकूनं ते पुसलं. पुन्हा दोन अक्षरं, पुन्हा दुसरं एक गोड वाक्य. तेही त्यानं पुसलं.

"थांब जरा, लिहितायत… नाय, कट करू नको… हां, पैसे जातात ते जाऊ दे… थांब."

"बोटीवरची पोरं?" भिकूचा आवाज म्हणाला.

"ऐकलंस? हेच मी पण इचारलं… धड हायेत, अवो. बोट निघाली नाय. कुणाला खरचटलं पण नाय."

भिकूनं डोळे मिटले. गळ्यावरचा रुमाल त्याच्या श्वासाबरोबर वर खाली होत होता. खाली घाटात कुठंतरी ट्रकचा भोंगा वाजला. मग त्यानं पुन्हा मोबाईल डोळ्यांजवळ धरला, दिसायला त्रास होत असल्यासारखा, आणि या वेळी लिहायला फार वेळ घेतला.

"पोलीस येईपर्यंत कशाला उघडा ठेवायचा. आत्ताच बंद करतो."

चंद्रभागेनं काही म्हणायच्या आत फोनमधून तिच्या कानात लेकाचा आवाज आला, घाईनं, लहान पोरासारखा.

"काय?… थांबवू? अरे, तूच बोललास ना, चालू करू नका… एकदाच?… काय बोलायला सांगू?… नुसतं नाव. तुझं नाव… हाक मारायला सांगू?… हं. हं. सांगते… अवो, तो बोलतो, बंद करायच्या आधी एकदा हाक मारा त्याला. बांधावरनं मारायचात ना शाळेतनं येताना, तशी. बाकी काय नको बोलतो."

भिकूचा अंगठा पडद्यावर जाऊन थांबला. जितू. दोनच अक्षरं, रोज लिहायचा तो ती, ॲपनं ती आपण होऊन वर आणून ठेवली होती. नुसतं दाबायचं होतं. चंद्रभागा वाट बघत राहिली. पलीकडं लेक वाट बघत राहिला.

भिकूनं बोटानं मोबाईल दाखवला, मग आपला कान दाखवला, मग हात लांब केला, दूर, दरीच्या पार पलीकडं. आणि नाही म्हणून मान हलवली. बाजूचं बटण तो दाबून धरून बसला. पडदा उजळला, पुन्हा काळा झाला.

"जितू… नाय बोलतात… ते लोक ऐकत असतील, असं बोलतात. तुझं नाव त्यांना परत द्यायचं नाय… हां… बंद केला, पोरा. झाला बंद… मला पण वाटलेलं मारतील हाक. मला पण ऐकायची होती रे."

तिनं पदर तोंडाला लावला. रडताना आवाज होऊ नये याची तिला गेल्या दोन वर्षांत सवय झाली होती. आपण मोठ्यानं रडतो आणि त्याला तेवढंही करता येत नाही, हे तिला बरं वाटत नसे.

भिकूनं मोठा मोबाईल खिशातल्या जादा रुमालात गुंडाळला, गाठ मारली आणि पोलीस आले की सापडेल असा बांधावर ठेवला. मग उठून तिच्याजवळ आला आणि हात पुढं केला.

"काय?… हा पाहिजे?… जितू, बाबा फोन मागतायत… अरे, मला पण तेच, त्यांना बोलता… हां. हां, तूच बोल. तू बोल, ते ऐकतील. देते… आणि ऐक, जेवत जा वेळेवर. आणि कुणावर चिडू नको तिथं, ते त्यांचं काम करतायत… देते, देते."

भिकूनं साधा फोन कानाला लावला. ऑपरेशननंतर त्यानं फोन कानाला लावला नव्हता. ऐकून घ्यायचं आणि उत्तर द्यायचं नाही, हे त्याला सोसत नसे. लेक पलीकडून काय बोलला ते चंद्रभागेला ऐकू आलं नाही. तिनं फक्त भिकूकडं बघितलं. तो मान हलवत होता. हो. थोडं थांबून पुन्हा, हो. मग नाही. मग एकदम जोरात, पुन्हा पुन्हा, नाही, नाही. मग डोळ्यांतलं पाणी मिशीवर आलं तरी, हो.

ती पुढं झाली आणि फोनच्या बाजूनं, जरा मोठ्यानं बोलली.

"जितू, तुला दिसत नाय म्हणून सांगते. ते हो बोलतायत… आता नाय बोलले. तुझी चूक नाय बोलतात… मान हलवतायत रे, सारखी हलवतायत. तू बोलत ऱ्हा."

फोनमधून टूं टूं आवाज आला आणि थांबला. बांधावरची रेंज अशीच जायची.

"कट झाला वाटतं," चंद्रभागा म्हणाली. "करंल तो परत."

भिकूनं तिच्याकडं बघून मान हलवली, आणि फोन तसाच कानाला धरून ठेवला.